रुसवा किती पानं चालावा?

प्रश्न : सुट्टीतल्या प्रेमाच्या कादंबऱ्या मी हौसेने वाचते. शेवट गोड होणार हे ठाऊकच असतं. तरी काही पुस्तकं खाली ठेववत नाहीत आणि काही मध्येच कंटाळा आणतात. असं का?

उत्तर : गोड शेवट हा तर या प्रकारातला करारच. ताण असतो तो 'कसं' यात. नाताळच्या कादंबऱ्यांना आयती मुदतही मिळते : सुट्टी संपली की एकाला परत जायचंय. तुमचा कंटाळा बहुधा मधल्या गैरसमजामुळे येत असावा. तो तिला कुणाबरोबर तरी हसताना बघतो, काही न विचारता बॅग भरतो आणि पुढे ऐंशी पानं रुसवा! एका फोनने मिटेल असा अडथळा मला चालत नाही. तिला हवी ती नोकरी दुसऱ्या शहरात आणि आजारी वडिलांना सोडून त्याला हलता येत नाही, असं असेल तर दोघंही बरोबर असतात; मग पान उलटावंच लागतं. (या कादंबऱ्यांतली नायिकेची तोट्यातली बेकरी नाताळच्या आदल्या संध्याकाळी नेमकी कशी सावरते, हे कोडं मात्र मला सुटलेलं नाही.) पुस्तक घेताना मधलं एखादं भांडण वाचून बघा. दोघं नुसती भाषणं ठोकत असतील, तर परत ठेवा.