काळ्या रानातला गोठा आणि फुटका कोबा

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही निफाड तालुक्यातले, रान गोदाकाठचं, काळंभोर. दोन वर्षांमागं सहा गायींचा गोठा बांधला, कोबा अगदी आरशासारखा करून घेतला, पण पहिल्याच पावसाळ्यात चिरा पडल्या अन् गव्हाणीजवळचा भाग वर उचलला. मागच्या महिन्यात गाभण गाय घसरून बसली, नशिबानं काही झालं नाही. मिस्त्री म्हणतो सिमेंट कमी पडलं, जुन्यावरच दोन इंचाचा थर मारू. सासरे म्हणतात शहाबादी फरशी टाका. काय करू?

उत्तर : ताई, दोन इंचाच्या थराचे पैसे आधी वाचवा, खालची चीर वरच्या थरात पण येणारच. अन् फरशी तर नकोच, शेण-मूत पडलं की त्यावर माणूस घसरतो, गाय काय उभी राहणार.

दोष सिमेंटचा नाही, खालच्या मातीचा आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते, तुमच्याच बांधावर मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच गोठ्याखाली चाललंय. गव्हाणीजवळच का उचललं ते बघा, पाण्याचा हौद तिथंच असणार आणि सांडलेलं पाणी कडेनं खाली मुरत असणार. फावड्याचा दांडा कोब्यावर आपटून बघा, जिथं पोकळ वाजेल तिथं खालची माती सुटलेली आहे. मी पण यात पोळलोय, आमच्या खळ्याचा कोबा दुसऱ्यांदा केला तेव्हा चार गोण्या सिमेंट जास्त घातलं, तरी भिंतीकडची चीर होती तिथंच परत उघडली, कारण पत्र्याची पागोळी बरोबर तिथं पडायची आणि ते माझ्या डोक्यातच आलं नाही!

आता करायचं काय, तर जुना कोबा फोडा, काळी माती दीड-दोन फूट काढून टाका आणि चांगला मुरूम भरा. सगळा एकदम ओतायचा नाही, सहा-सहा इंचांचा थर, पाणी मारून धुमस करायची, म्हणजे ठोकून घट्ट बसवायचा, मग पुढचा थर. इथंच सगळे घाई करतात. त्यावर दगडाचं सोलिंग, म्हणजे हातानं रचून बसवलेला दगडांचा थर, वर चार इंच काँक्रीट, एकास दीडास तीन, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. पाण्यावर मात्र स्वतः उभं राहा, ५० किलोच्या गोणीला २५ लिटरच्या आसपास पुरे, मिस्त्री लोकांना माल सरकायला सोपा म्हणून बादलीवर बादली ओतायची सवय असते. आठ-दहा फुटांवर जॉइंट, म्हणजे सरळ फट, सोडा म्हणजे तडा गेलाच तर तिथं सरळ रेषेत जाईल.

उतार गव्हाणीकडून गोठ्यातल्या नालीकडं, दहा फुटाला तीन इंच. वरून सिमेंट भुरभुरून घोटू द्यायचं नाही म्हणजे नाही. ओलं असतानाच खराट्यानं खरबरीत करा, थोड्या आडव्या खाचा पाडा. मग बारदान टाकून निदान दहा दिवस ओलं ठेवा, आणि दोन आठवडे गायी बाहेरच. काम खरं दिवाळीनंतर सोयीचं, पण तेव्हा आपल्याकडं सगळे मजूर द्राक्षबागेच्या कामामागं, म्हणून एप्रिलमध्येच करायची वेळ आली तर माल भल्या पहाटे टाका.

गोठ्याच्या बाहेरून तीन फूट रुंद पट्टा बाहेरच्या उताराचा करा, पत्र्याला पन्हाळ लावा, हौदाचं सांडपाणी पाइपानं लांब काढा. हे नाही केलं तर मुरूम भरूनही उपयोग नाही.

तोवर त्या गाभण गायीखाली रबरी मॅट टाका, आणि चकचकीत भाग छन्नीनं टोचून घ्या, आजच.