पाहुणे गेले, होडी अजून जप्तच : दंड भरून मोकळं व्हायची घाई करू नका

गोव्यात बेतीच्या बाजूच्या एका वाचकाचा लांबलचक मेसेज आलाय, त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. वडील ६७ वर्षांचे, लाकडी होडी आणि तिचं आउटबोर्ड इंजिन त्यांच्याच नावावर. हा आणि धाकटा भाऊ दोघं पहाटे मांडवीच्या तोंडाकडे जाळं मारायला जातात. मागच्या महिन्यात दिल्लीहून मोठे पाहुणे आले त्या दिवशी साडेचारला नेहमीसारखे गेले, सातच्या सुमारास मासळी घेऊन परत येताना पोलिसांच्या बोटीने अडवलं, सहा वाजल्यापासून पाण्यात यायला बंदी आहे म्हणे. होडी इंजिनासकट जप्त झाली, १९ दिवस किनाऱ्यावर उन्हात पडून आहे. बीएनएस (भारतीय न्याय संहिता) २२३, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याच्या कलमाखाली दोघा भावांवर गुन्हा, आणि होडी वडिलांची म्हणून त्यांचंही नाव घालू असं सांगतात. रोज सकाळी फोन करून दोघांना ठाण्यात बोलावतात. तिथेच कुणीतरी सल्ला दिला की कोर्टात कबूल करा, २५०० रुपये दंड भरा आणि होडी घेऊन जा. भावाला क्रूझ शिपवर नोकरी लागायची आहे, त्यासाठी पीसीसी, म्हणजे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, लागते. शिवाय भावाच्या मोबाईलमध्ये त्या सकाळचा व्हिडिओ आहे, तो डिलीट करू का असंही विचारलंय.

भाऊ, सगळ्यात आधी दोन गोष्टी. व्हिडिओ डिलीट करू नका आणि गुन्हा कबूल करू नका. आज एवढं पाळलंत तरी बाकीचं सावरता येईल.

व्हिडिओचं आधी सांगतो. पुरावा होऊ शकणारी गोष्ट, मग ती मोबाईलमधली का असेना, कोर्टापुढे येऊ नये म्हणून पुसून टाकणं हा बीएनएसच्या कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे, म्हणजे आत्ता तुमच्यावर जे लावलंय त्यापेक्षा खूप मोठी. आणि मला तर वाटतं तो व्हिडिओ तुमच्याच कामाचा आहे कारण त्यात वेळ असणार, लोकेशन ऑन असेल तर जागाही असणार, तुम्ही काठाकडे परत येत होता की उलट दिशेला चालला होता तेही दिसेल. फोन आहे तसा ठेवा, एक कॉपी वकिलाकडे द्या, आणि कृपा करून व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर कुठेही टाकू नका, सुरक्षेच्या बोटी त्यात दिसत असतील तर उगाच दुसरं शुक्लकाष्ठ मागे लागेल.

आता कबुलीचं. माझ्याकडे असे लोक येतात तेव्हा माझा जीव तुटतो, कारण २५०० रुपये दंड म्हणजे ट्रॅफिकच्या चलनासारखं काहीतरी वाटतं, पण तसं ते नाही. कोर्टात कबूल केलं की तुम्ही फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरता. दंड भरून विषय संपत नाही, ती नोंद राहते, आणि पीसीसी मागितली की पोलीस तीच नोंद बघतात. घरात एक जण बोटीवर गेला की अख्खं घर सावरतं हे गोव्यात कुणाला सांगायला नको, आणि ती नोकरी एका सहीवर जाऊ शकते. शिवाय होडी मिळवायला कबुली लागतच नाही, या दोन गोष्टी कायद्यात पूर्ण वेगळ्या आहेत, त्या एकत्र बांधून तुमच्यासमोर ठेवल्यात एवढंच.

होडीसाठी काय करायचं ते बघा. जप्ती झाली की पोलिसांनी लगेच मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १०६, आणि कलम १०५ प्रमाणे जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करून तेही पाठवायचं असतं. ते झालंय का हे वकिलाला कोर्टात तपासायला सांगा. मग कलम ५०३ खाली होडी तात्पुरती ताब्यात मिळावी म्हणून अर्ज, आणि हा अर्ज वडिलांच्या नावाने करा, तुमच्या नाही, कारण रजिस्ट्रेशन त्यांचं आहे. इथे बरेच जण चुकतात आणि आठवडा वाया जातो. सोबत मच्छीमार खात्याचं रजिस्ट्रेशन, लायसन्स, इंजिनाचं बिल, आधार. सुप्रीम कोर्टाचा २००२ चा सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा निकाल अर्जात घाला, त्यात कोर्टाने साफ म्हटलंय की जप्त वाहनं ठाण्यात सडवत ठेवण्यात काही अर्थ नाही, पंचनामा करा, फोटो काढा, बॉण्ड घ्या आणि १५ दिवस ते महिन्याच्या आत परत द्या. निकाल वाहनांबद्दलचा आहे पण तत्त्व होडीला जास्तच लागू पडतं, कारण लाकडी होडी पाण्याबाहेर उन्हात राहिली की फळ्या सुकतात, सांधे उघडतात, आणि खाऱ्या वाऱ्यात इंजिन गंजतं ते वेगळंच. हे अर्जात लिहा, आजचे फोटो लावा, रोज किती कमाई बुडते तेही लिहा. कोर्टाला होडी माहीत असते पण होडीचं लाकूड कसं वागतं ते माहीत असेलच असं नाही, ते तुम्ही सांगायचं.

आता बंदीबद्दल. तुम्ही लिहिलंय की ‘नदी काय कुणाच्या बापाची आहे का’. राग समजतो, पण या मुद्द्यावर भांडू नका, हरण्याचीच शक्यता जास्त. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ नावाच्या मच्छीमार ट्रॉलरचा ताबा घेऊन आले आणि रबरी बोटीने कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले, तेव्हापासून साधी होडीसुद्धा सुरक्षावाल्यांना साधी वाटत नाही. त्यात आपल्या मांडवीचं तोंड म्हणजे एका अंगाला आग्वाद, वेऱ्याला नेव्हीचा तळ, दुसऱ्या अंगाला काबोच्या टोकावर राज्यपालांचं निवासस्थान. काही तासांसाठी पाणी बंद करणं कोर्टाला अवाजवी वाटणार नाही.

पण बंदी योग्य असणं आणि तुम्ही गुन्हेगार असणं यात बरंच अंतर आहे, आणि तुमची केस त्या अंतरातच आहे. प्रोटोकॉल आहे, ब्लू बुकमध्ये आहे असं सांगतात ना, तर ब्लू बुक म्हणजे गृह खात्याच्या गोपनीय सूचना, त्या अधिकाऱ्यांसाठी आहेत, त्या मोडल्या म्हणून मच्छीमाराला शिक्षा होत नाही. पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठी एसपीजीचा (स्पेशल प्रोटेक्शन ग्रुपचा) १९८८ चा कायदा आहे, त्यात सरकारी खात्यांनी एसपीजीला मदत करायची असं कलम १४ सांगतं, पण तेही खात्यांना उद्देशून आहे. तुमच्यामाझ्यावर बंधन येतं ते लेखी आदेशाने, बहुतेक वेळा बीएनएसएस कलम १६३, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं जुनं १४४. तो आदेश जिल्हा मॅजिस्ट्रेट, सब डिव्हिजनल मॅजिस्ट्रेट किंवा सरकारने खास अधिकार दिलेला एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेट काढू शकतो, पोलीस ठाणं नाही. त्यात कारणं लिहायची असतात, आणि तो लोकांपर्यंत पोचवायचा असतो, एकेकाला देता येत नसेल तर जाहीर करून आणि योग्य ठिकाणी चिकटवून. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात हेच ठासून सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध झालेच पाहिजेत आणि बंधन गरजेपुरतंच हवं.

म्हणून पहिलं काम, त्या आदेशाची कॉपी मिळवा. एफआयआरमध्ये नंबर आणि तारीख असेल, नसेल तर तोच एक मुद्दा झाला. मॅजिस्ट्रेटच्या ऑफिसात कॉपीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, सुरक्षेचं कारण सांगून जाहीर आदेशच लपवता येणार नाही, कारण तो लोकांनी पाळावा म्हणूनच काढलेला असतो. हातात आला की बघा हद्द कुठून कुठपर्यंत, नुसतं ‘मांडवी नदी परिसर’ लिहिलंय की नेमकी जागा दिलीय, वेळ सहाचीच आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे सहाच्या आधीच पाण्यात होते त्यांनी काय करायचं होतं. साडेचारला गेलेला माणूस सहाला जाळं टाकून उडून येऊ शकत नाही. अमेरिकेत कोस्ट गार्ड असे सिक्युरिटी झोन लावतं तेव्हा अक्षांश-रेखांशासकट हद्द देतात, रेडिओवर बोटवाल्यांना कळवतात, आणि आत यायचं असेल तर परवानगी कुणाकडे मागायची तेही सांगतात. आपल्याकडेही एवढी स्पष्टता मागणं अजिबात जास्त नाही. अजून एक, बंदरं आणि जलवाहतूक बघणाऱ्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याची बोटवाल्यांसाठी वेगळी नोटीस असू शकते. ती आणि १६३ चा आदेश एक नाही, गुन्हा कुठल्या कागदावर लावलाय ते बघाच.

कलम २२३ चा गाभा ‘माहीत असून’ हा आहे. आदेश माहीत असताना मोडला आणि त्यामुळे अडथळा, त्रास, इजा किंवा तसा धोका झाला तरच गुन्हा बनतो, नुसतं मोडलं एवढं पुरत नाही. मग आता मला खरं सांगा, निदान तुमच्या वकिलाला तरी सांगा, होडीवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज आला होता का? जेटीवर कागद लावला होता का? आदल्या दिवशी कुणी पोलीस येऊन सांगून गेला का? आला असेल आणि तुम्ही बघितला असेल तर कोर्टात ‘माहीत नव्हतं’ म्हणू नका, खोटं पकडलं गेलं की खरंही कुणी ऐकत नाही. तसं असेल तर वेळेचा आणि धोक्याचा मुद्दा धरा, की परत येत होतो, मासळी होती, सांगितल्याबरोबर थांबलो. आणि खरंच कळलं नसेल, आदेश फक्त इंग्रजी पेपरात आला असेल आणि घरात तो कुणी वाचत नसेल, तर ते ठामपणे सांगा. एफआयआरमध्ये २२३ चा कुठला भाग लावलाय तेही बघा, पहिल्या भागात ६ महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २५०० पर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसरा भाग जिवाला वगैरे धोका झाला तर, त्यात १ वर्षापर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणखी एक मुद्दा आहे जो ठाण्यात कुणी सांगणार नाही. २२३ मध्ये पोलीस गुन्हा नोंदवून तपास करू शकतात, पण कोर्ट नुसत्या चार्जशीटवर केस चालवायला घेऊ शकत नाही. बीएनएसएस कलम २१५ प्रमाणे ज्या अधिकाऱ्याने आदेश काढला त्याची, त्याच्या वरिष्ठाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या सरकारी अधिकाऱ्याची लेखी तक्रार कोर्टापुढे यावी लागते. जुन्या कायद्यातल्या याच तरतुदीवर सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सी. मुनियप्पन प्रकरणात ती तक्रार सक्तीची आहे असं म्हटलंय. वकिलाने पहिल्याच तारखेला विचारायचं, तक्रार कुठे आहे? नसेल तर तिथेच हरकत घ्या, नाही ऐकलं तर पर्वरीला हायकोर्टात कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करायला जाता येतं. कबूल केलंत तर हे सगळं हातचं जातं, म्हणून मी वर एवढं कळकळीने सांगितलं.

वडिलांची काळजी करू नका. ते होडीत नव्हते, होडी नावावर आहे म्हणून २२३ लागत नाही. आणि ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ६० वर्षांवरच्या माणसाला डीवायएसपी किंवा वरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही, बीएनएसएस कलम ३५ मध्येच आहे. तुम्हा दोघांचाही गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन हा तुमचा हक्क. रोज सकाळी या म्हणून तोंडी सांगतात ना, तर नम्रपणे लेखी नोटीस मागा, नोटीस आली की मात्र चुकवू नका. जबाब दिलात तर त्यावर सही करायची नसते, कलम १८१ पोलिसांनाच तशी मनाई करतं. पंचनामा वेगळा, तो वाचून, समजून, कॉपी मागून.

भावाचं. नुसती एफआयआर म्हणजे कोर्टात केस चालू आहे असं नाही, कोर्टाने दखल घेतल्यावर ती चालू होते. पण पीसीसीच्या फॉर्ममध्ये आणि एजंटकडे काही लपवू नका, विचारलं तर एफआयआरची कॉपी आणि वकिलाचं पत्र द्या. लपवलेलं नंतर निघालं तर नोकरीही जाते आणि नावही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, उत्पन्न मर्यादेत असेल तर फुकट वकील मिळतो, १९८७ चा कायदाच आहे, यात लाजायचं काही नाही.

बुडालेल्या दिवसांची भरपाई मागता येईल का असं विचारलंय. सरळ सांगतो, कलम १६३ मध्ये भरपाईची सोय नाही, त्यावर आत्ता शक्ती घालवू नका. पण पुढच्या वेळेसाठी एक करा, होडीवाल्यांच्या युनियनने आधीच अर्ज द्यावा. आदेश निघाला की कलम १६३ खालीच कुणीही बाधित माणूस तो बदलून मागू शकतो, आणि मॅजिस्ट्रेटने त्याला लवकरात लवकर ऐकून घ्यायचं असतं, नाकारलं तर कारण लिहून द्यायचं असतं. तेव्हा पहाटे गेलेल्या होड्यांना काठाकाठाने परत यायला ठरलेली वाट आणि तासभर वेळ मागा, आणि आदेश मराठी-कोंकणीतून जेटीवर लावा म्हणा.

सोमवारी वडिलांना घेऊन कोर्टात जा. ठाणं नदीच्या कुठल्या बाजूचं आहे त्यावर म्हापसा की पणजी ते ठरेल, एफआयआरवर बघा. ताडपत्री घेऊन जा, आणि अर्ज सुनावणीला येईपर्यंत होडीवर घालायची परवानगी त्याच दिवशी मागा.