आधी बांध

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नीट वाचलं. येत्या पावसाळ्यात गावच्या खाडीकाठी कांदळाची (खारफुटीची) रोपं लावायची, शाळेतली मुलं बोलवायची, तालुक्याहून साहेब आणायचे, असा बेत तू कळवला आहेस. स्पष्टच लिहितो, हा बेत सध्या बाजूला ठेव. रायगडातल्या धरमतरच्या खाडीत बियांची वाण नाही. तिवर, चिपी या कांदळांच्या बिया भरतीबरोबर वाहत येतात आणि जिथे पाण्याची रोजची येजा असते तिथे आपल्या आपण रुजतात. रुजत नसतील तर त्याला कारण असतं, आणि बहुतेक वेळा कुणीतरी पाण्याची वाट अडवलेली असते. ती वाट न उघडता लावलेलं रोप पुढच्या उन्हाळ्यात वाळून जातं.

ओहोटीला जो उघडा चिखल दिसतो, तो रिकामा समजू नकोस. निवट्या (चिखलातले मासे), चिंबोऱ्या (खेकडे), शिवल्या (शिंपले) सगळं त्यातच आहे. थंडीत दूरदेशाहून येणारे पाणपक्षी त्याच्यावर जगतात. २०२२ साली ठाणे खाडीचं साडेसहा हजार हेक्टरांहून थोडं अधिक क्षेत्र रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. तिथे छोटे रोहित (फ्लेमिंगो) जमतात ते उथळ पाण्यातल्या, चिखलावरच्या शेवाळासाठी. अशा चिखलावर झाडं लावली तर फोटो चांगला येतो आणि पक्षी उपाशी राहतात.

तेव्हा झाडापासून नको, पाण्यापासून सुरुवात कर. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी कुठवर चढतं, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत कुठे थांबतं, हे आधी स्वतः बघ. रस्त्याखालचा कुठला पाइप चिखलाने बुजला आहे, बांधातली कुठली उघाडी (पाण्याचं दार) वर्षभर अर्धवट उघडी राहते, भराव पडल्यापासून कुठल्या नाळेत (पाण्याच्या वाटेत) पाणी येईनासं झालं, हे सगळं गावाला ठाऊक असतं. ओहोटीला चिखलात उतरून कालवं काढणाऱ्या बायकांना सगळ्यात जास्त ठाऊक असतं. आधी त्यांच्याकडे जा, सरकारी कचेरी नंतर. आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या पत्रात एक वाक्य होतं, की गावातले शेतकरीच कांदळवनाचे वैरी झालेत. ते वाचून मला वाईट वाटलं, कारण तुझं गाव खारेपाटातलं, म्हणजे खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीच्या पट्ट्यातलं, आहे आणि ते शेतकरी तुझेच चुलते, मामे आहेत. त्यांचा राग कुठून आला हे समजल्याशिवाय तुझं काम एक पाऊलही पुढे जाणार नाही.

खारेपाटाची रचना आठव. खाडीला लागून कांदळवन, मग बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा मातीचा बांध, आणि आत भाताची खाचरं. बाहेरकाठ्याला उघाड्या. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्यांतून बाहेर निघतं, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटतं. आत गोडं पाणी, भात, तळ्यात जिताडा मासा. बाहेरचं कांदळवन लाटेचा जोर मोडतं म्हणून मातीचा बांध टिकतो, आणि बांध टिकतो म्हणून कांदळवन आपल्या जागी राहतं. पूर्वीच्या माणसांनी ही दोन्ही एकत्रच सांभाळली. बांधाचं काम निघालं की घरटी माणूस जाई. पुढे १९४८ चा आणि मग १९७९ चा खारजमीन कायदा आला, योजना सरकारकडे गेल्या. सरकारने जबाबदारी घेतली यात चूक काहीच नव्हती, मातीच्या बांधावर गरीब कुळांनी किती मरावं? पण गावाची वहिवाट मोडली आणि कचेरीची दुरुस्ती वेळेवर येईना. आज बांधाला खांड (भगदाड) पडते, अर्ज होतो, पाहणी होते, अंदाजपत्रक होतं, आणि तोवर चार उधाणं आत शिरलेली असतात.

खारं पाणी शेतात आलं की त्या वर्षीचं भात जातं. खांड तशीच राहिली तर जमीन नापीक होते आणि काही वर्षांत तिच्यावर तिवर उभा राहतो. मग शेतकरी कचेरीत गेला की त्याला सांगतात, आता हे कांदळवन आहे, हात लावता येणार नाही. आणि ते कायद्याने खरं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात साफ म्हटलं की जमीन कुणाच्याही मालकीची असो, तिच्यावरचं कांदळवन तोडता येणार नाही, आणि त्याच्या भोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम नाही. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याच्या हातात ना भात ना झाड. त्याने कांदळवनावर प्रेम कशासाठी करावं?

वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचं कांदळवन २०१३ ला १८६ चौरस किलोमीटर होतं, २०२१ ला ३२४ झालं. हा आकडा ऐकून शहरात टाळ्या पडतात. संरक्षणामुळे वाढ झाली, ती मोलाचीच. पण आपल्या खारेपाटात तिवर फुटलेल्या बांधांच्या आतही वाढला आहे, हे तू बाहेरकाठ्यावर उभी राहिलीस तरी दिसेल. त्या वाढीची किंमत कुणी मोजली हे विचारल्याशिवाय मला तरी ती साजरी करता येत नाही.

म्हणून माझा तुला सल्ला असा की तुझ्या गटाची पहिली मागणी बांधाच्या दुरुस्तीची असू दे. ‘कांदळवन वाचवा’ हा फलक घेऊन गावात गेलीस तर निम्मं गाव दार लावून घेईल. ‘यंदाच्या उधाणाआधी खांडी बुजल्या पाहिजेत’ असं म्हणत गेलीस तर तेच गाव तुझ्याबरोबर चालेल, आणि बाहेरचं कांदळवन कापलं तर बांध उघडा पडतो हे तुला सांगावंही लागणार नाही. दुरुस्तीला किनारा नियमनाची (सीआरझेडची) अधिसूचना आडवी येते, असं कुणी म्हणालं तर अधिसूचना उघडून दाखव. भराव आणि बांधबंदिस्तीला तिच्यात मनाई आहे, पण खारं पाणी आत शिरू नये म्हणून करायच्या कामांना तिच्यातच अपवाद दिलेला आहे. रीतसर परवानगी घ्यावी लागते, एवढंच. फक्त एक पथ्य पाळा, दुरुस्तीची माती बाहेरच्या बाजूने, झाडांच्या बुंध्याशी खणून घेऊ नका. मशीनवाल्याला ते सोपं पडतं, म्हणून तो तेच करतो. त्याच्याजवळ उभं राहायला गावातला माणूस हवा.

गोड्या पाण्याची गोष्टही इथेच जोडलेली आहे. खारेपाटातल्या बायकांनी हंड्यासाठी काय सोसलं आहे ते तू घरात पाहिलंस. खांड पडली की आधी शेत खारं होतं, मग गावतळं, मग विहीर. पाणथळ जागा म्हणजे पक्ष्यांची, हौशी लोकांची, असं मानणाऱ्या माणसाला विहिरीचं पाणी चाखायला दे.

आता कायद्याचं. तू सगळं पाठ करायची गरज नाही, पण कुठलं हत्यार कुठे चालतं ते माहीत हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत मिठी नदीच्या काठी काय झालं ते राज्याने पाहिलं. कांदळवनाबाबतची जनहित याचिका त्याआधीच उच्च न्यायालयात होती. तिच्यावर ६ ऑक्टोबर २००५ ला अंतरिम आदेश आला आणि राज्यभर कांदळतोड थांबवली गेली. सरकारी जमिनीवरचं कांदळवन वनखात्याकडे देण्याची वाट तिथून सुरू झाली. २०१२ ला वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०१८ च्या अंतिम निकालाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुला सगळ्यात उपयोगी पडेल. नष्ट झालेलं कांदळवन पुन्हा उभं करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. म्हणजे ‘आता तिथे काही उरलंच नाही’ ही सबब चालत नाही. मात्र त्याच निकालात सार्वजनिक हितासाठी न्यायालयाच्या परवानगीने तोड करण्याची वाटही आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार झाडांना तशी परवानगी मिळाली. संरक्षण पक्कं आहे, पण पोलादी नाही.

किनारा नियमनाची अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, मग २०१९ ची. खाडीकाठचा बांधकामावर बंधनं असलेला पट्टा आधी १०० मीटर होता, २०१९ ने तो ५० वर आणला. माझ्या मते हे मोठं नुकसान आहे, कारण खाडीकाठची दलदल समुद्रकाठापेक्षा लवकर भरून टाकता येते आणि तिथे ओरडणारंही कुणी नसतं. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम वेगळे आहेत. किनारा नियमन क्षेत्रातल्या जागा, मिठागरं आणि भातशेती त्यांतून वगळल्या आहेत. तुझ्या चुलत्यांना ही शेवटची गोष्ट जरूर सांग, म्हणजे ‘पाणथळ जाहीर झालं की शेती गेली’ ही अफवा तरी थांबेल. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने इस्रोच्या नकाशासंग्रहातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यायला सांगितलं. तुमच्या गावाबाहेरचं तळं त्यांत आहे का, हे शोधून काढ.

नकाशा मिळव, ही माझी कळकळीची विनंती आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्याचा १:४००० प्रमाणाचा, गट नंबर दाखवणारा नकाशा असतो. त्याची प्रत हातात घेऊन बांधावरून चाल. भरतीरेषा जिथे आखली आहे तिथे खरंच भरती थांबते का? खाडीची एखादी फाटी (शाखा) नकाशात दिसतच नाही, असं आहे का? जी नाळ नकाशात नाही, ती बुजवणाऱ्याला अडवणं फार अवघड जातं. आराखड्याच्या जनसुनावणीत ओरडून भाषण करणाऱ्यापेक्षा ‘गट नंबर अमुक, इथे उधाणाला पाणी येतं, हे फोटो’ असं लेखी देणारा माणूस जास्त काम करतो. फोटो एकाच जागेवरून, दर मोठ्या भरतीला, तारखेसह काढ. तिवराची श्वासमुळं ओहोटीला उघड्या हवेत श्वास घेतात. पाण्याची वाट बंद झाली की आत एकतर पाणी साचून ती बुडतात, नाहीतर जमीन सुकून मिठाने तडकते. झाडं उभ्या जागी मरतात, कुऱ्हाड लागतच नाही. नंतर पाहणीला आलेल्या माणसाला तिथे पडीक जमीन दिसते. अशा वेळी तुझे जुने फोटो आणि गुगल अर्थवरची मागच्या वर्षांची चित्रं, हाच पुरावा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नकोस. माहिती अधिकारात ३० दिवसांची मुदत आहे, ती वहीत मांडून ठेव. गावची जैवविविधता नोंदवही धूळ खात असेल तर बाहेर काढ आणि तिच्यात निवटीपासून जिताड्यापर्यंत सगळं लिहून घे.

लोक स्वतः उभे राहिले की काय होतं, याचे दाखले तुला फार लांब शोधायला नकोत. उरणला बंदराच्या आणि इतर कामांमुळे खाडीतलं भरतीचं पाणी अडलं, मासेमारी गेली. तिथले पारंपरिक मच्छीमार स्वतः अर्जदार म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले आणि २०१५ ला पुणे खंडपीठाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. खाडीवर मच्छीमाराचा हक्क सातबाऱ्यावर नसतो, तरी तो हक्क आहे, हे त्या आदेशाने दाखवलं. हा आदेश प्रत्येक कोळीवाड्यात वाचला गेला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पेणमध्ये २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सेझबद्दल (विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल) जनमत घेतलं गेलं, तिथेही मूळ मुद्दा पाण्याचाच होता. जमीन ओलिताची आहे, धरणाचं पाणी आमच्या शेताला कबूल केलं आहे, हे शेतकरी सोडायला तयार नव्हते.

पोटाचा प्रश्नही टाळू नकोस. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात, त्यातून चार पैसे घरी नेतात. कांदळवन प्रतिष्ठानाच्या उपजीविका योजनेत खेकडापालन, कालवंपालन अशी कामं आहेत. सगळीच सगळीकडे जमत नाहीत, तुमच्या गढूळ खाडीत होडीची सफर कदाचित चालणारही नाही. गावाशी बोलून ठरवा. पण ज्याच्या शेतात तिवर उगवला त्याचं नाव लाभार्थ्यांच्या यादीत पहिलं असावं, याचा आग्रह धर.

आता २६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आली आहे. बांधाचं काम व्हायचं तर फाल्गुन-चैत्रात, पावसाआधी. त्यामुळे ठराव याच सभेत यायला हवा. खांड कुठल्या गटाला लागून आहे, किती लांब आहे, कुठल्या उधाणाला पडली, किती घरांचं भात गेलं, एवढं लिही, विशेषणं नकोत. सही पहिली शेतकऱ्यांची घे, मग कोळीवाड्याची, तुझ्या गटाची शेवटी. ठरावाची प्रत खारभूमी कचेरीला, तहसीलदारांना आणि कांदळवन कक्षाला एकाच दिवशी दे. दोन कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतील, म्हणून तिन्ही पोचा जपून ठेव.

नकाशाची प्रत मिळाली की मला पाठव. तुमच्या तळ्याच्या बाजूची ती फाटी त्यात आहे की नाही, ते मला आधी बघायचं आहे. नसेल तर हरकतीचा अर्ज आपण दोघं मिळून लिहू.

तुझा
काका