भाच्याची फ्रॅटर्निटी

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकतो. त्याने मित्रांबरोबर एक अभ्यासगट काढला होता, तो आता म्हणे एका राष्ट्रीय फ्रॅटर्निटीची शाखा होणार. ताईला दारू-पार्ट्यांची धास्ती वाटते. हे नेमकं काय असतं? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताईंची धास्ती समजते. फ्रॅटर्निटी म्हणजे अमेरिकी कॉलेजांतल्या मुलांचा बंधुसंघ, बहुधा ग्रीक अक्षरांच्या नावाचा. पण हा शब्द ऐकला की मला आधी न्यूयॉर्क राज्यातलं इथाका आठवतं. तिथे मी चार वर्षं राहिले. कॉर्नेल विद्यापीठ टेकडीवर, गाव खाली. हिवाळ्यात ती चढण चढताना बर्फावर पाय सटकायचा आणि कॉर्नेलची १९०५ सालची कृष्णवर्णीय मुलं मनात यायची. आदल्या वर्षीच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सहा जण परत आलेच नव्हते. उरलेल्यांना गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटीत जागा नव्हती. काहींना तिथे काम मात्र मिळायचं. आपल्यातलं आणखी कुणी गळू नये म्हणून ती मुलं गावातल्या एका घरी जमून वाचू लागली.

मग वाद झाला. या गटाचे पहिले अध्यक्ष पॉइंडेक्स्टर यांना ते साहित्यमंडळच राहायला हवं होतं, बाकीच्यांना पक्का बंधुसंघ. ४ डिसेंबर १९०६ला बंधुसंघ ठरला : अल्फा फाय अल्फा. सात जण संस्थापक मानले जातात. त्यांतले टँडी पुढे नामांकित वास्तुविशारद झाले. १९०७मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दुसरी शाखा निघाली, १९०८मध्ये तिथेच पहिलं अधिवेशन भरलं. १९५२मध्ये बॉस्टनला शिकणारे मार्टिन ल्यूथर किंग यांनीही हीच संघटना निवडली. मला यात सगळ्यात मोठी वाटते ती त्या घरातली पहिली बैठक.

तिथे एका गटातून संघटना उभी राहिली आणि मग शाखा निघाल्या; तुमच्या भाच्याचा गट उलट दिशेने, आधीच असलेल्या संघटनेची शाखा व्हायला चाललाय. आधी स्थानिक गट, मग मुख्यालयाकडे अर्ज, काही काळ उमेदवारी, आणि सभासदसंख्या, गुण, विद्यापीठाची मान्यता हे सगळं जुळलं की सनद मिळते. ग्रीक अक्षरांची रीत १७७६च्या फाय बीटा कप्पा या विद्यार्थी संघटनेपासूनची. ती बहुतेकदा ब्रीदवाक्याची आद्याक्षरं असतात.

भाच्याला तीन गोष्टी विचारा. वार्षिक वर्गणी किती? नव्या मुलांना सामावून घेताना काय करायला लावतात? आणि अभ्यासगट पुढेही चालणार का? दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तर ताईंनी स्वतः चौकशी करावी. डिसेंबर २०२४मधल्या अमेरिकी कायद्यानुसार रॅगिंगमध्ये दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांची माहिती कॉलेजांना जाहीर करावी लागते. भाच्याकडून त्याच्या कॉलेजचा तो अहवाल मागवून घ्या.