डब्यांचे पैसे कुठे गेले?

प्रश्न : ताई, माझं वय ५१. लग्नाला २६ वर्षं झाली. २००८ मध्ये चिंचवडला फ्लॅट घेतला, तेव्हा माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ असं ९ तोळे सोनं मोडलं. १ लाख ८ हजार आले, ते बिल्डरला दिले. फ्लॅट आणि कर्ज यांच्या एकट्याच्या नावावर. मी अकरा वर्षं डबे केले. त्यात किराणा, भाजी, मुलाची फी भागायची आणि यांचा पगार हप्त्याला जायचा. आता यांना वेगळं व्हायचंय. ‘८ लाख एकरकमी घे आणि सही कर’ म्हणतात, संमतीचा अर्जही लिहून आणलाय. फ्लॅट आज ५५ लाखांचा आहे. निम्मं घर माझं नाही का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : सरळ सांगते. महाराष्ट्रात, नाही. लग्नानंतर घेतलेल्या घरात बायकोचा आपोआप अर्धा हिस्सा, असा कायदा आपल्याकडे नाही. खरेदीखतावर ज्याचं नाव, त्याचं घर.

शेजारी गोव्यात आहे. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात. माझी मावसबहीण म्हापशाला दिलेली. तिच्या यजमानांनी स्वतःच्या नावावरचं दुकान विकायला काढलं, तर तिच्या सहीशिवाय दस्त होईना. ती चष्मा घरी विसरली होती. चष्मा येईपर्यंत घेणारा, देणारा, दोन्हीकडचे वकील, सगळे तासभर तिच्यासाठी थांबले. मला वकिलीत तेव्हा बावीस वर्षं झाली होती, आणि त्या बाकावर बसून माझे डोळे भरून आले.

तुमच्या घरात काय झालं बघा. दोघांचेही पैसे संसारातच गेले. पण त्यांचे गेले हप्त्यात, तुमचे गेले भाजीत. हप्त्याची नोंद बँकेत राहते, मेथीच्या जुडीची कुठेच राहत नाही. तुम्ही किराणा भरला नसता, तर त्या पगारातून तो हप्ता निघाला असता का? हे गणित मी कोर्टात शेकडो वेळा मांडलंय आणि प्रत्येक वेळी समोरून एकच प्रश्न येतो, ‘पुरावा काय?’

म्हणून आधी पुरावा. सोनं मोडलं त्या सोनाराकडे जा, २००८ ची पावती किंवा वहीतली नोंद मिळते का बघा. बिल्डरच्या पहिल्या पावतीची तारीख तिच्याशी जुळवा. डब्याच्या गिऱ्हाइकांची वही असेल तर रद्दीत देऊ नका. माझ्याकडे एक बाई पत्र्याच्या डब्यात सोळा वर्षांची दुधाची कार्डं घेऊन आल्या होत्या. मी ती सगळी कोर्टात दाखल केली.

सोनं तुमचं स्त्रीधन आहे, त्यावर नवऱ्याची मालकी नाही. २०२४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. अडीनडीला नवऱ्याने ते वापरलं, तरी ते किंवा त्याची किंमत परत करायला तो बांधील आहे. त्या बाईंना २५ लाख देण्याचा आदेश झाला. तेव्हा १ लाख ८ हजारांवर विषय मिटवू नका. ९ तोळ्यांचा आजचा भाव काढा.

पोटगीचं म्हणाल, तर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगार, पीएफ, ठेवी, सगळं कागदावर येतं. ते न बघता ८ लाखांचा आकडा तुम्ही कशाच्या आधारावर मान्य करणार? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते, आणि गरज पडली तर कोर्ट त्या रकमेचा बोजा त्यांच्या फ्लॅटवर चढवू शकतं. ही तरतूद फार कमी बायकांना माहीत असते.

आता ८ लाखांचा हिशेब. सात टक्क्यांनी ठेवले, तर महिन्याला ४,६०० च्या आसपास. तेवढ्यात चिंचवडला एक खोली तरी भाड्याने मिळेल का? शिवाय त्यांच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात तुमचं नाव असेल, तर घटस्फोटानंतर ते निघेल. एक्कावन्नाव्या वर्षी नवी पॉलिसी महाग पडते. हा खर्च रकमेत धराच.

आणि घर सोडून माहेरी जाऊ नका. फ्लॅट तुमच्या नावावर नसला, तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार सामायिक घरात राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. कोर्टाच्या आदेशाशिवाय कोणी बाहेर काढू शकत नाही.

घाईत सही करून बसला असाल, तरी घाबरू नका. संमतीचा अर्ज दाखल झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी दुसरी तारीख पडते. कोर्ट ही मुदत माफही करू शकतं, म्हणून बेसावध राहू नका. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते.

सोनाराकडे उद्याच जा. अशा पेढ्या जुन्या वह्या किती दिवस ठेवतात, याचा भरवसा नसतो.