सम निसटल्यावर

नौपाडा, ठाणे

चि. शिष्येस अनेक आशीर्वाद.

रविवारच्या तबल्याच्या कार्यक्रमात तुझ्या लेकाची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा, फसली, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा निसटली आणि तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. त्याच रात्री 'सर, त्याच्या मनाला फार लागलंय, क्लास बंदच करूया का?' असे तू फोनवर विचारलेस. मी हो-ना केले नाही, कारण ज्या रात्री बिनसते त्या रात्री छंद सोडण्याचा निर्णय घेऊ नये, असे माझे मत आहे. मुलाला त्या वेळी तबला नकोसा झालेला नसतो, नकोशी झालेली असते ती चारचौघांतली फजिती. आपण तबलाच उचलून ठेवला, तर फजिती झाली की पळ काढायचा, एवढेच तो शिकतो.

म्हणून मुदत ठरव, तीही त्याच्याशी बोलून. दिवाळीपर्यंत रोज वीस मिनिटे बसायचे आणि त्यानंतरही नको वाटले तर सोडायचे. मग मात्र 'एवढी फी भरली' हे वाक्य तुझ्या तोंडून निघता कामा नये.

माझी एक चूक सांगतो. तबल्याच्या प्रवेशिका पूर्ण परीक्षेला पहिली श्रेणी मिळाली तर सायकल घेईन, असे मी माझ्या मुलाला कबूल केले होते. श्रेणी आली, सायकल आली, तो तलावपाळीला चकरा मारू लागला आणि महिन्याभरात तबल्याखालच्या चुंबळीवर धूळ बसली. पुढे वाचनात आले की, अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रांची मुळातच आवड असलेल्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला होता. ज्यांना आधीच प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवले, ती मुले पुढे आपणहून चित्रे काढायला कमी बसली; ज्यांना ते अवचित मिळाले, त्यांची ओढ टिकली. सायकल वाढदिवसाला द्यावी, हे मला तेव्हा सुचायला हवे होते.

त्याच्या रियाझाच्या वेळी थोडा वेळ जवळ बस. तुझी आई भाजी निवडत बसत असे, तशी. 'हुशार आहेस' असे मोघम न म्हणता 'काल तिरकिटचे बोल अडखळत होते, आज दुगुणीत, दुप्पट वेगातही स्वच्छ आले' असे नेमके सांग. रिक्षातच पंचनामा नको. दोन दिवसांनी, पोट भरलेले असताना, कुठे निसटले ते त्यालाच विचार आणि तेवढाच तुकडा ठाय, म्हणजे संथ लयीत वाजवू दे.

सावरायला शिकवणे हे खरे तर माझे काम होते, ते राहिले. आम्ही तिहाई घोटून घेतो, पण ती फसल्यावर काय करावे हे सांगत नाही. साथीला वाजणारी लेहऱ्याची धून थांबत नाही, तेव्हा मुकाट्याने तीनतालाचा ठेका धरून एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, ऐकायचे. सोळा मात्रांनी सम पुन्हा येते. आता दर वर्गाला मी त्याला मुद्दाम मध्येच चुकवणार आहे. ते पाहायला तू येऊ नकोस, कारण आई दारात उभी असली की मुलाचे अर्धे लक्ष तिकडेच असते.

मंगळवारी नेहमीच्या वेळी पाठव. तबला सुरातून उतरला आहे म्हणालीस, तो बरोबर दे. हातोडी त्याच्याच हाती देऊन लावून घेईन.

तुझे सर