बूच, बोळा की दट्ट्या?

नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे : कूलरच्या टाकीतलं पाणी सोडायला तळाशी भोक असतं. त्यात घालायच्या वस्तूला आमच्याकडे आई ‘बोळा’ म्हणते, बाबा ‘बूच’ म्हणतात आणि इतवारीतला दुकानदार ‘प्लग’ म्हणतो. बरोबर शब्द कोणता? आणि ‘स्टॉपर’सारखा सगळीकडे चालणारा एकच शब्द मराठीत आहे का?

असा एक शब्द मराठीत नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. भोक बंद करणाऱ्या वस्तूला नाव देताना आपली भाषा बारकाईने पाहते : वस्तू कशाची आहे, आत शिरते की वरून बसते, एका जागी राहते की सरकते. तुम्ही सांगितलेले तिघेही बरोबर असू शकतात, फक्त प्रत्येकाच्या डोळ्यांपुढची वस्तू वेगळी असेल.

वरून बसते ते झाकण किंवा टोपण. नागपुरात सर्रास ढक्कन. आत शिरते ते बूच. नळकामातही हाच भेद आहे : आटे बाहेरून असलेला आणि पाइपात शिरणारा तो प्लग, आटे आतून असलेली आणि पाइपावर चढणारी ती कॅप. हा भेद न सांगता दुकानात गेलं की नेमकी उलटी वस्तू घरी येते.

‘बूच’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्याकडे ‘बुशा’ म्हणजे भोकात कोंबायची गुंडाळी. आज ते ‘श’ म्हणतात, पण जुन्या पोर्तुगीजमध्ये तिथे ‘च’ होता आणि आपण शब्द तेव्हाच उचलला. ‘चावी’चंही तसंच झालं. पुढे बाटलीचं कॉर्क म्हणजे बूच हा अर्थ पक्का झाला. बुचाच्या झाडाचं नावही त्यावरूनच पडलं. पांढऱ्या, लांब देठाच्या सुवासिक फुलांचं हे झाड आकाशमोगरा म्हणूनही ओळखतात. त्याच्या जाड, भेगाळ सालीपासून हलक्या प्रतीची बुचं करत. खरं कॉर्क मात्र भूमध्य समुद्राकाठच्या एका ओकच्या सालीचं असतं आणि ती साल साधारण 9 वर्षांतून एकदाच काढतात.

कॉर्कचा एक गुण फार मोलाचा आहे. ते दाबलं की बाजूला जवळजवळ फुगत नाही, म्हणून सरळ नळकांडीच्या आकाराचं कॉर्कही बाटलीच्या गळ्यात ढकलता येतं. रबर वरून दाबलं की कडेने फुगतं आणि वाटेतच अडकतं. रबरी बूच निमुळतं करतात ते याचसाठी.

‘गुडदी’ हा बुचाचाच जुना सोबती. बाटलीची, कुपीची गुडदी असे प्रयोग आता विरळ झाले आहेत. लहान बुचाला इतका नेटका शब्द दुसरा नाही, तो बोलण्यात परत यावा असं मला मनापासून वाटतं.

बोळा मात्र चिंधीचा, कापसाचा किंवा कागदाचा. त्याला स्वतःचा आकार नसतो, भोकाचा आकार तो घेतो. ‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ या म्हणीत बूच बसणार नाही, कारण मोरीचं भोक वेडंवाकडं असतं. उंदीर-घुशी रोखायला तिथे चिंध्यांचा बोळाच लागतो. ‘बोळ्याने दूध पिणे’ हा वाक्प्रचार तान्ह्या बाळाला कापडाचा बोळा दुधात बुडवून चोखायला देत त्यावरून आला. कापड दूध वर ओढून घेतं म्हणून बाळाचं पोट भरतं, आणि कापड पाणी ओढून घेतं म्हणूनच बोळा लावलेला कूलर रात्रभर टिपटिप गळून पहाटे रिकामा होतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा 45 अंशांवर असताना, रिकाम्या टाकीवर चाललेला पंप जळतो. बोळा लावायचाच असेल तर तो आधी पॉलिथिनमध्ये गुंडाळावा.

दट्ट्या म्हणजे सरकणारं बूच. पिचकारीत, इंजेक्शनच्या नळीत असतो तो. त्याचं काम अडवण्याइतकंच रेटण्याचं आहे, म्हणून ‘वरून दट्ट्या आला’ म्हटलं की कामं हलतात. तोंडाला मात्र बूच बसतं किंवा तोंडात बोळा कोंबतात, आणि कानाला दडे बसतात. भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात त्या प्लॅस्टिकच्या प्लगला दुकानात गिट्टी म्हणतात. कुकरचा सेफ्टी वॉल्व्ह हे तर वेळेवर सुटण्यासाठीच केलेलं बूच : पाणी आटून कुकर फार तापला की त्यातला मिश्रधातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते.

आता कूलरकडे. त्याला ‘बूच’ म्हणावं आणि रबरी निमुळतं आणावं. भोक सुतात मोजा, 8 सूत म्हणजे 1 इंच. पाऊण इंची भोकाला अरुंद टोक 6 सुतांपेक्षा थोडं कमी आणि रुंद टोक जास्त असलेलं बूच हवं. ते टाकीच्या आतून बसवावं. मग पाण्याचा भार त्याला आणखी घट्ट करतो. बाहेरून बसवलेलं बूच तोच भार ढकलून काढतो. लाकडी खुंटी मारू नका : ती भिजून फुगते आणि गंजलेल्या पत्र्याची कड फाटते. भोकाला आटे असतील तर प्लगवर टेफ्लॉन टेपचे 5-6 वेढे, प्लग आवळण्याच्याच दिशेने. उलटे दिले तर आवळताना टेप सुटून गोळा होतो. बोअरचं पाणी असेल तर भोकाच्या कडेला क्षारांचा थर जमतो आणि नवं बूचही गळतं. आधी लिंबाने किंवा व्हिनेगरने कड साफ करावी. उन्हाने रबर कडक होऊन तडकतं, तेव्हा दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला बूच नखाने दाबून पाहावं.

आठवड्यातून एकदा ते काढून टाकी पूर्ण रिकामी करा आणि कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी सोडून ती जात नाहीत.

शेवटी लेखनाचं. ‘बूच’ नपुंसकलिंगी आहे. ‘बुच’ लिहू नये : ‘गुण’सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याआधीचा उकार दीर्घ, आणि प्रत्यय लागला की ऱ्हस्व. मूल-मुलाला, सूत-सुताला, तसंच बूच-बुचाला.